लाल रेघेखालचे बोल्ट

मी एक जुना डिझेल ट्रक आहे, आणि मित्रांनो, मी कुणावर सहजासहजी विश्वास ठेवत नाही. कुणी जवळ आले की मी आधी त्याच्या हातांकडे पाहतो. हात खिशात असले तर मला बरे वाटते.

कारखान्यातून निघालो तेव्हा मी उंच, निळा आणि भोळा होतो. किम्बा गावच्या शेतांतला गहू कोठारांपर्यंत पोहोचवणे हे माझे काम. बावीस हंगाम मी ते केले. मग मालकाने मोठा ट्रक आणला आणि मला कुंपणाशी उभे केले. पहिल्या वर्षी कुणीतरी माझी बॅटरी नेली, दुसऱ्या वर्षी आरसे, नंतर पुढचे दिवे. नेणारे सगळे ओळखीचे होते. येताना ते माझी विचारपूस करीत आणि जाताना काहीतरी घेऊन जात. माझ्या सीटवर कोंबड्या अंडी घालू लागल्या, तेवढ्या मात्र प्रामाणिक होत्या.

लान्स नोस्के आला तेव्हा मी म्हटले, हा आता काय नेणार? तो नगरपालिकेच्या रस्ता सपाट करणाऱ्या यंत्रांचा मेकॅनिक होता. त्याने माझ्या इंजिनावर तळहात ठेवला, बराच वेळ ठेवला, आणि काहीही न काढता निघून गेला. दुसऱ्या दिवशी ट्रेलर घेऊन आला आणि मला अख्खाच घेऊन गेला.

लान्सला एक वेड होते. आमच्या उत्तरेला गेर्डनर नावाचे मिठाचे कोरडे तळे आहे. दर मार्चमध्ये तिथे घरी बांधलेल्या गाड्या जमतात आणि मिठावरून सरळ रेषेत, जितके जमेल तितके जोरात पळतात. डिझेल ट्रकांच्या गटातला विक्रम ताशी एकशे त्रेसष्ट मैलांचा होता. लान्सला तो मोडायचा होता, तोही अशा ट्रकने, ज्यात कोंबड्या राहिल्या होत्या.

सोबतीला त्याचा जुना मित्र होता, डेस पिकरिंग. दोघांनी नऊ वर्षे शेडमध्ये माझ्यावर काम केले. माझे छत कापून मला बुटके केले. नाक पत्र्याने निमुळते केले. मिठावर हलकी गाडी घसरते, म्हणून पाठीत रेल्वेच्या रुळांचे तुकडे भरले. छत इतके कापले की लान्सचे खांदे आत मावेनात. तेव्हा त्याची मुलगी ट्रुडी माझी चालक झाली. ती व्हायालाच्या शाळेत विज्ञान शिकवायची आणि सुट्टीला घरी यायची. "खांदे आईवर गेलेत तुझे, नशीब," लान्स म्हणायचा. "आणि डोकं?" ती विचारायची. "ते शोधतोय आम्ही अजून," डेस खालून उत्तर द्यायचा.

आता एक नियम सांगतो, कारण पुढचे सगळे त्यावरच आहे. मिठावर गाड्या पळवणाऱ्या आमच्या लोकांत ज्याने बोल्ट आवळला त्याने तो तपासायचा नाही. दुसऱ्याने पाना लावून बघायचे आणि ठीक असेल तर बोल्टपासून पत्र्यापर्यंत रंगाची बारीक रेघ ओढायची. बोल्ट सैल होऊन फिरला तर रेघ तुटलेली दिसते. लान्सचा रंग लाल, डेसचा पिवळा. म्हणजे लाल रेघेखालचा बोल्ट डेसने आवळलेला आणि पिवळ्या रेघेखालचा लान्सने. माझ्या अंगावर दोन्ही रंग मिसळलेले होते. मला ते आवडायचे. माझ्यासारख्या संशयी गाडीला दोन माणसांचा एकमेकांवरचा संशय फार सुखाचा वाटतो.

मग एका सप्टेंबरात लान्सच्या हातून बोल्ट आवळायचे पाने पडू लागले. मी ते माझ्या पोटाखाली मोजले. एका दुपारी सात. तो प्रत्येक वेळी डाव्या हाताने उचलायचा आणि कुणी पाहिले का ते बघायचा. मला वाटले, वय झाले.

ऑक्टोबरात त्याला कुणीतरी सांगितले की डेसची गाडी वुडिन्ना गावात व्हॅल हार्कनेसच्या दारात उभी होती. व्हॅल म्हणजे तळ्यावर गाड्या तपासणारी मुख्य बाई. ती नाही म्हणाली की गाडी मिठावर उतरत नाही.

"काय सांगितलंस तिला?" लान्सने विचारले.

"चहा प्यायला गेलो होतो," डेस म्हणाला.

"शंभर किलोमीटर? चहासाठी?"

डेस त्याच्या उजव्या हाताकडे पाहत राहिला. लान्सने शेडची किल्ली परत मागितली. "नऊ वर्षं माझ्या ट्रकखाली झोपलास, आणि शेवटी चुगली केलीस," एवढेच तो म्हणाला. डेसने किल्ली माझ्या बॉनेटवर ठेवली आणि गेला. मीही लान्सच्याच बाजूने होतो. दारात चोरून उभ्या राहणाऱ्या गाड्या मी पुष्कळ पाहिल्या होत्या.

पुढचे दोन महिने लान्सने एकट्याने काम केले. माझा मागचा ॲक्सल, म्हणजे मागच्या चाकांचा आस, पूर्ण उतरवून पुन्हा बसवला. चव्वेचाळीस बोल्ट. त्यानेच आवळले आणि त्यानेच लाल रेघा ओढल्या.

डिसेंबरात त्याला ॲडलेडच्या इस्पितळात नेले. डोक्यात गाठ निघाली. जानेवारीत तो गेला.

ट्रुडी सुट्टी काढून आली. तिने शेडमधल्या वस्तू हलवल्या नाहीत. रोज संध्याकाळी ती माझ्याखाली आडवी होऊन त्या लाल रेघांकडे पाहायची, पण हात लावायची नाही. बापाच्या हातचे शेवटचे काम तेच होते. भांडणाची गोष्ट तिला बापाने फोनवर सांगितली होती. त्यामुळे डेस मदतीला आला तेव्हा ती दारातच उभी राहिली.

"काम झालंय सगळं, डेसकाका."

"मागचा ॲक्सल एकदा बघू दे, पोरी."

"बाबांनी केलाय तो."

"म्हणूनच म्हणतो."

तिने दार लावून घेतले. मला समाधान वाटले. ते समाधान आठवले की आजही मला लाज वाटते.

मार्चमध्ये आम्ही तळ्यावर पोहोचलो. तिथे मिठावर तेलाचा एक थेंब सांडू देत नाहीत. म्हणून मला मोठ्या ताडपत्रीवर उभे केले. शंभर पावलांवर डेस आपली गाडी लावून खुर्ची टाकून बसला होता. त्याला कुणी बोलावले नव्हते. ट्रुडीने त्याच्याकडे पाठ केली.

व्हॅल टॉर्च आणि छोटा आरसा घेऊन माझ्याखाली शिरली. पुढून मागे येताना ती गुणगुणत होती. ॲक्सलपाशी गप्प झाली.

"इथं सगळं लालच दिसतंय."

"बाबांची खूण आहे ती," ट्रुडी म्हणाली.

"ते कळलं. आवळलं कुणी?"

"त्यांनीच."

"मग हे तपासलेलंच नाही, बाई. नुसतं रंगवलंय." व्हॅल बाहेर आली आणि गुडघे झटकू लागली. "सगळे चव्वेचाळीस सोडून पुन्हा आवळा. दुसऱ्या माणसाकडून रेघा ओढून घे. तोवर ट्रक इथून हलणार नाही."

"तुम्हाला डेसकाकांनी बाबांचं काम नीट तपासायला सांगितलं ना? ऑक्टोबरात?"

"सांगितलं."

"म्हणजे बाबा खरं बोलत होते. डेसकाकांनी चुगली केली."

"काय केलं ते त्यालाच विचार. तो बघ तिथं चहा ढोसतोय. वुडिन्नालाही माझी आख्खी किटली संपवून गेला होता."

ट्रुडी गेली नाही. तिने तिथूनच मान वळवून पाहिले. तेव्हा डेसच उठून आला.

"तुझ्या बापाचा उजवा हात ऑगस्टपासून काम करत नव्हता," तो म्हणाला. "मला म्हणाला, बोललास तर याद राख. मी त्याच्यापुढे बोललो नाही. पण गाडीत तू बसणार होतीस. म्हणून हिच्याकडे गेलो."

"मेलेल्या माणसाबद्दल काहीही सांगता येतं."

"येतं. म्हणून माझं ऐकू नको. पाना घे आणि स्वतः बघ."

ती ताडपत्रीवर आडवी झाली. पहिल्या बोल्टला पाना लावला आणि थांबली. बोल्ट सोडायचा म्हणजे रेघ तोडायची. तिने डोळे मिटले आणि जोर लावला. बोल्ट घट्ट होता. दुसरा घट्ट. तिसरा घट्ट. दहावा झाला तेव्हा तिने डेसकडे असे पाहिले की त्याच्या जागी मी असतो तर घरी गेलो असतो. तो आपली खुर्ची आणून जवळ बसला, एवढेच. सोळाव्यापर्यंत सगळे घट्ट. मलाही वाटले, पकडला आपण याला.

सतरावा बोल्ट तिच्या बोटांनीच फिरला. पाना लावण्याआधीच.

अठरावा तसाच. एकोणिसावा, विसावा, एकविसावा. उजव्या बाजूची वरची रांग, जिथे खालून उजवा हात पूर्ण वर ताणावा लागतो. ट्रुडीने टॉर्च जवळ धरला. त्या पाच रेघा थरथरत्या होत्या, उलट्या बाजूने ओढलेल्या. डाव्या हाताने. दोन महिने ती त्या रोज पाहत होती आणि तिला ते बाबांच्या घाईचे काम वाटले होते.

एकशे साठ मैलांच्या वेगात हा ॲक्सल कुठे गेला असता आणि आतली मुलगी कुठे, हे मला कुणी सांगायला नको होते.

माझ्याखालून फक्त तिचे बूट दिसत होते. शेवटी ती म्हणाली, "मी आवळते. तुम्ही तपासा."

"पिवळा रंग वाळलाय माझा," डेस म्हणाला. "पाच महिन्यांत कुणी डबा उघडायला बोलावलंच नाही."

"मग लालच वापरा."

"तो त्याचा. मी डब्यात थोडं थिनर घालतो."

हे काम दीड दिवस चालले. वारा पडलेला असतो ते दोन्ही दिवसांचे सकाळचे तास आम्ही ताडपत्रीवर घालवले. शेजारचे लोक पावात घातलेले भाजलेले सॉसेज देऊन जात आणि विचारत, "पळायला आलात की रंगवायला?" शेवटच्या दिवशी आम्ही रांगेत लागलो तेव्हा धाव फक्त एकच उरली होती. विक्रमाला दोन लागतात, कारण दोन्हींची सरासरी धरतात. ट्रुडीला ते ठाऊक होते. तरी ती हेल्मेट घालून आत बसली.

मित्रांनो, त्या धावेबद्दल मी फार सांगणार नाही. पांढरे मीठ, काळी खुणेची रेषा आणि माझ्या मागच्या ॲक्सलमधली शांतता. मी आयुष्यात पहिल्यांदाच कशाचा कानोसा घेत नव्हतो.

एकशे पासष्ट मैल आणि वर थोडे. व्हॅलने कागद खिडकीतून आत दिला.

"वेग भारी आहे. पण विक्रमांच्या वहीत जाणार नाही हा."

"माहीत आहे," ट्रुडी म्हणाली. तिने कागद घडी करून डेसला दिला. तो त्याने चष्मा काढून वाचला, पुन्हा चष्मा घालून वाचला. "त्याला आकडा पटला नसता," तो म्हणाला. "घड्याळ तपासून घ्या म्हणाला असता." मग तो खुर्ची घडी घालण्याच्या निमित्ताने पलीकडे गेला.

आज मी पुन्हा शेडमध्ये आहे. मीठ लोखंडाला आतून खाते, म्हणून परतल्यावर दोघांनी मला चार दिवस धुतले. डेसने नळी धरून एक बाजू स्वच्छ केली. ट्रुडी लगेच खाली शिरली आणि कोपऱ्याकोपऱ्यात बोट फिरवून ते जिभेला लावून पाहू लागली.

"विश्वास नाही ना?" त्याने विचारले.

"नाही," ती म्हणाली. "खारट आहे इथं."

त्याने निमूटपणे नळी पुन्हा तिकडे वळवली.

तेव्हा मित्रांनो, तुमच्या कामावरून कुणी दुसऱ्याने हात फिरवून पाहिला तर फुगून बसू नका. आणि तुमच्या प्रेमाच्या माणसाने केलेले काम असेल, त्याच्या हातची खूण त्यावर असेल, तरी ते एकदा सोडून बघा. खूण तुटेल. तुम्हाला वाईट वाटेल. पण त्या कामावर जो बसणार आहे, तो घरी परत येईल.