दोन खात्यांमधलं अंतर

"तोंडातलं आधी गिळ, मग दुसरं माग."

एडविन हॉल्डस्वर्थला आईचा चेहरा आता सलग आठवत नसे. कधी नुसते डोळे आठवत, कधी पिठाने माखलेलं मनगट. पण कीथली गावातल्या त्या वाफाळलेल्या स्वयंपाकघरातला हा आवाज चाळीस वर्षं ओलांडून अजून त्याच्या ताटाशी येऊन बसे. एडविन घास सावकाश चावत असे, भरल्या तोंडाने कधी बोलत नसे. आणि बँकेत नवीन खातं उघडायचं तेही तो याच नेमाने उघडत असे.

बँका एकमेकींची गिऱ्हाइकं पळवायला टपलेल्याच होत्या. जुनं खातं मोडून आमच्याकडे या आणि दीडशे पौंड घ्या, असं एक म्हणे. लगेच दुसरी पावणेदोनशे पुढे करी. भलेभले जाहिरात वाचून धावत सुटत आणि तोंडावर आपटत. कारण प्रत्येक अर्जाची खूण माणसाच्या पत-नोंदीत, बँका ज्यावरून त्याची ऐपत जोखतात त्या दप्तरात, उमटते, आणि खुणा दाटीने उमटल्या की पुढची बँक समजते, हा माणूस अडचणीत आहे, दार लावून घ्या.

एडविन धावत नसे. गावाच्या कडेला नगरपालिकेने भाड्याने दिलेले भाजीचे वाफे होते, त्यातला एक त्याचा. तिथे लेट्यूसची एक ओळ पेरली की तो थांबे. ती चांगली दोन बोटं वर आली की मगच दुसरी पेरी. सगळं एकदम पेरलं तर सगळं एकदम फुलावर जातं आणि मेजवानी गोगलगायींची होते. खात्यांचंही त्याच्या लेखी तसंच होतं. एक उघडावं, त्याचं बक्षीस खुडावं, मग जमीन निजू द्यावी, निदान एक ऋतू तरी.

"काय गड्या," शेजारच्या वाफ्यातून म्हातारा क्लिफर्ड कांद्यांवरून मान वर करून विचारी, "यंदा कुठली बँक नांगरलीस?"

"नांगरायची नसते, क्लिफर्ड. तिला कळू न देता खुडायची असते."

"मला माझी एकच बँक पुरे. बायकोही एकच होती, तीसुद्धा पुरून उरली."

बँकांची एक अट असे. खात्यातून दरमहा दोन तरी ठरलेल्या रकमा आपोआप जायला हव्यात. म्हणून एडविन म्हाताऱ्या गाढवांच्या आश्रमाला थोडंसं देई, आणि समुद्रात बुडणाऱ्यांना वाचवणाऱ्या होड्यांना थोडंसं. खातं हललं की गाढवं आणि होड्याही मुकाट त्याच्यामागून नव्या बँकेत जात. दर नाताळाला गाढवांचं आभाराचं कार्ड येई. 'आमच्या विश्वासू सोबत्यास,' असं त्यावर छापलेलं असे, आणि रोना ते कार्ड शेकोटीवरच्या फळीवर मांडून ठेवी.

रोना ओबानची, स्कॉटलंडच्या खाऱ्या वाऱ्यातली. नऊ वर्षांपूर्वी दोन बॅगा घेऊन ती एडविनच्या दारात उभी राहिली होती. तेव्हा तो 'राहा' म्हणाला नाही. 'हिवाळ्यापुरतं बघू' म्हणाला. हिवाळे आले नि गेले, बॅगा माळ्यावर चढल्या, रोना शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला लागली. तो एक शब्द मात्र राहून गेला तो गेलाच.

पहिल्याच वर्षी तिने विचारलं होतं, "घरभाडं, वीज दोघांची आहे ना? मग दोघांच्या नावाने एक खातं काढू या का?"

"काढू की. पण जोडखातं उघडलं की तुझी नोंद नि माझी नोंद एकमेकींत गुंततात. हे एवढं बक्षीस पदरात पडू दे."

पुढच्या वसंतात तिने पुन्हा विचारलं. तेव्हा नोंद नुकती निजली होती. त्यापुढच्या पानगळीत दुसरं बक्षीस पिकायला आलं होतं. मग तिने विचारणं सोडलं, आणि एडविनला वाटलं, पटलं हिला.

नऊ वर्षांत त्याने चौदा बँकांशी सोयरीक जमवली आणि मोडली.

मग एप्रिलमधल्या एका शनिवारी, दुपारी, तो चिखलाच्या बुटांनिशीच स्वयंपाकघरात घुसला.

"रोना! अगं, जोडखातं उघडू या."

रोना पार्किन कापत होती, आल्याचा तो चिकट, काळसर केक. सुरी थांबली.

"काय म्हणालास?"

"तुझं नि माझं. एकत्र."

धुक्याने भरलेली काच कुणी आतून पुसावी तसा तिचा चेहरा हळूच उजळला. "आजच?" तिने विचारलं.

"आजच! येत्या शुक्रवारी मुदत संपतेय."

"कसली मुदत?"

"अडीचशे पौंड देतायत, बाई! पण फक्त जोडखात्याला. पानगळीपर्यंत ठेवू, मग हलवू दुसरीकडे. गाढवांसकट."

सुरी पुन्हा चालू लागली.

"गाढवांसकट," रोना म्हणाली. "मग मी कशाला मागे राहू?"

त्याला ते होकारासारखंच ऐकू आलं. त्याने टेबलावर संगणक उघडला. तो विचारत होता, ती पाठमोरी उभी राहून सांगत होती.

"तुझ्या आईचं माहेरचं नाव?"

"मॅकफेल. नऊ वर्षांत कधी विचारलं नव्हतंस."

"लागलं नव्हतं गं."

त्याने शेवटचं बटण दाबलं, पार्किनचा तुकडा उचलला, आणि तो तसाच हातात राहिला. पडद्यावर दोन ओळी होत्या. क्षमस्व, सध्या खातं देता येत नाही.

"मला? मला नकार?" त्याने घाईघाईने स्वतःची नोंद उघडून पाहिली. बर्फाखालच्या वाफ्यासारखी स्वच्छ होती. "माझं काही नाही. म्हणजे तुझं. पण तुझं तर ते एकच खातं आहे, शाळेत शिकत होतीस तेव्हापासूनचं."

रोनाने सुरी धुतली, पुसली, खणात ठेवली.

"तीन आहेत आणखी," ती म्हणाली.

"तीन? कधी उघडलीस?"

"याच आठवड्यात."

"एका आठवड्यात तीन!" एडविनला खरोखरच लागलं. "अगं, मधे काही अंतर? क्लिफर्डलासुद्धा कळतं हे! मी इतकी वर्षं तुझ्यासमोर काय करत होतो?"

"तेच तर बघत होते."

"आणि तीन कशाला? एक उघडायचं, थांबायचं..."

"पहिलीने उत्तर द्यायला वेळ लावला, म्हणून दुसरी. दुसरीने कागद मागितले, म्हणून तिसरी. मला घाई होती."

"कसली एवढी घाई?" त्याने वैतागून तुकडा तोंडात कोंबला.

रोना त्याच्याकडे वळली. तिच्या डोळ्यांत राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

"ओबानला बहिणीच्या गल्लीत दोन खोल्या घेतल्यात. अनामत भरायची होती, तुझ्या नजरेआड. जुन्या खात्याचे कागद तुझ्या डोळ्यांखालून जातात. पहिल्या तारखेला जातेय. तुला सांगायला बरी वेळ शोधत होते, एडविन. पण तू सदा कुठल्यातरी दोन बँकांच्या मधे असायचास."

बाहेर कुणाचा तरी कुत्रा भुंकत गेला. पार्किन दातांना चिकटलं होतं, टाळूला चिकटलं होतं. एडविन चावत राहिला. घास तोंडात गोल गोल फिरत होता आणि खाली उतरत नव्हता. रोनाने एप्रन खुंटीला अडकवला आणि बॅगा काढायला ती माळ्याच्या जिन्याकडे निघाली. तो उठला. खुर्ची पडली.

"रोन्..." त्याच्या ओठांतून तुकडे सांडले.

"गिळ आधी," ती न वळता म्हणाली. "मग बोल."

"नाही," एडविन भरल्या तोंडाने म्हणाला. "गिळेपर्यंत तू जिना चढून गेलेली असशील. राहा, रोना. राहा."