सहा टेबलं, एक दार

“दुसरं दार कुठंय हो इथं?” मोठ्या साहेबांनी तोंड पुसत विचारलं, आणि तपासनिसानं उचललेला घास परत ताटलीत ठेवला.

कुठून दुर्बुद्धी झाली आणि या माणसांना इथं घेऊन आलो, असं त्याला झालं. इमारत-सुरक्षा खात्यातली माणसं ती! त्यांना जेवायला न्या नाहीतर लग्नाला न्या, आधी दारं मोजणार. हे पक्कं ठाऊक असून हाच शहाणा चार महिने कचेरीत टिमकी वाजवत होता, की गल्लीच्या टोकाला एक नेपाळी खाणावळ सापडलीय, सहाच टेबलं, स्वस्त, ऊबदार, अगदी घरी बसल्यासारखं वाटतं.

बायको गेल्यापासून दोन वर्षं तो ओट्यापाशी उभ्याउभ्या पाव खायचा आणि लेकीला फोनवर “झालं बाई जेवण, पोटभर” असं खुशाल खोटं सांगायचा. ही जागा सापडली आणि खोटं बोलायची गरज उरली नाही. तो दारात दिसला की खाणावळवाली न विचारता मोमो आणि वाफाळता रस्सा पुढ्यात ठेवायची. “दादा, आज उशीर केलात?” एवढंच म्हणायची. आपल्याला उशीर झाल्याचं कुणाच्या तरी लक्षात येतंय, यानंच त्याचं निम्मं पोट भरायचं.

“मागं दार नाहीच, साहेब,” तो म्हणाला. “पण सहाच तर टेबलं आहेत.”

“आणि वीस माणसं बसतात. आग लागली तर? उद्या सकाळी मोजमाप घेऊन टाका. तुमच्याच विभागात येतं ना हे? इतके दिवस दिसलं नाही होय तुम्हाला?” साहेब हसले आणि वर आणखी एक वाटी रस्सा मागवला.

दिसलं होतं. पहिल्याच दिवशी दिसलं होतं. तीस वर्षं हेच काम केलेल्या माणसाला दिसणार नाही तर काय! पण तेव्हा भूक लागली होती, आणि मग ती रोजच लागत गेली. चिडावं तरी कुणावर? साहेबांच्या नावानं बोटं मोडावीत, तर ते बोलले ते सोळा आणे खरं.

सकाळी तो मोजपट्टी घेऊन गेला. बाई भाजी निवडत होती.

“अगंबाई, दादा! आत्ता? गॅससुद्धा पेटवला नाही अजून.”

त्यानं मान खाली घालून सगळं सांगितलं.

“मग मागची भिंत फोडते की.”

“पलीकडे दुसऱ्याची इमारत आहे, बाई. फोडून जाणार कुठं?”

“म्हणजे बंद?”

“बंद.”

ती उठून उभी राहिली. “चार महिने जेवलात इथं! पहिल्या दिवशी सांगितलं असतं, तर दुसरी जागा नसती का बघितली? मागच्याच महिन्यात पाच वर्षांचा करार करून बसलेय मी.”

“चुकलं माझं,” तो म्हणाला. स्वतःचाच संताप करत तो दाराची चौकट मोजायला लागला. मोजपट्टीचं टोक चौकटीवरून एकदा घसरलं, दोनदा घसरलं.

बाईनं पदराला हात पुसले. “द्या इकडं,” म्हणाली आणि टोक चौकटीवर अंगठ्यानं घट्ट दाबून धरलं. “हं, वाचा आता.”

त्यानं वाचलं. आकडा कागदावर उतरवून होईपर्यंत तिनं अंगठा हलवला नाही.