काचेवरचा हात

सोमवारी सकाळी वडगावच्या विणकर गल्लीत पाय ठेवायला जागा नव्हती. शहापुरातून लोक आले होते, कॅम्पातून आले होते. सांबऱ्याची मंडळी तर नारळ-उदबत्त्या घेऊन टेम्पो भरून उतरली होती. एवढा जमाव कशाला, तर एका जुन्या पांढऱ्या गाडीची मागची काच बघायला!

गाडी अंबुबाईंच्या दारात उभी होती. गाडीला झेंडूचा हार, चाकांखाली लिंबं, आणि बॉनेटवर हात ठेवून निपाणीकडचे छायानंद महाराज. महाराजांची दाढी तेल लावून विंचरलेली होती आणि आवाज लाऊडस्पीकरची गरज नसलेला.

"आत्मा हा वायुरूप आहे!" महाराज गरजले. "वायूला काच लागते! काचेला भक्ती लागते! आणि भक्तीला..." इथं त्यांनी दक्षिणेच्या ताटाकडे नुसतं पाहिलं. ताट आपोआप फिरू लागलं.

अंबुबाई गाडीत मागच्या सीटवर बसल्या होत्या, तोंड मागच्या काचेकडे करून. पायाशी कढत पाण्याचा तांब्या होता. महाराज त्याला तीर्थ म्हणत. दारं बंद, काचा बंद. पुढं शिष्य साईराज गाडी चालू ठेवून बसला होता, का तर आत्म्याला थंडी वाजू नये. थोड्याच वेळात मागची काच आतून पांढरी झाली.

"डोळे मिटा समस्तांनी!" महाराज म्हणाले. समस्तांनी मिटले. लोकांनी डोळे उघडले तेव्हा काचेवरचं धुकं हळूहळू फाकत होतं. वरून विरलं, खालून विरलं, पण मधे एक आडवा पट्टा तसाच राहिला. आणि त्या पट्ट्यात उमटला होता माणसाचा पंजा. चार बोटं धड, करंगळी अर्धी.

"आला! सिद्रामअण्णा आला!" गल्लीत एकच ओरडा झाला. अंबुबाईंचा नवरा सिद्राम याची करंगळी मागाच्या पट्ट्यात गेली होती हे सगळ्या वडगावला ठाऊक होतं. दिवाळीच्या तोंडावर छातीत कळ येऊन तो गेला हेही ठाऊक होतं. मग शंका घ्यायला जागाच कुठं उरली?

अंबुबाईंना बाहेरचा ओरडा ऐकू येत नव्हता. त्या पंजाशी हळू आवाजात बोलत होत्या.

त्या हळू बोलण्याला कारण होतं. त्यांचा सगळा संसार मागाच्या खडखडाटात गेला. घरात दोन माग दिवसभर चालायचे, त्यामुळं मीठ मागायचं तरी ओरडून मागावं लागे. पोरबाळ नव्हतं. काही जिव्हाळ्याचं बोलायचं असलं की दोघं दारातल्या गाडीत जाऊन बसत आणि काचा लावून घेत. आता माग बंद होते, घर चिडीचूप होतं, पण अंबुबाईंचा आवाज मात्र तसाच मोठा राहिला होता. स्वयंपाकघरात आपल्याच आवाजानं त्या दचकत. एवढ्या घरात दचकायला तेवढंच एक माणूस उरलं होतं.

म्हणून पौषातल्या एका पहाटे त्या गाडीत जाऊन बसल्या आणि पोटभर रडल्या. शेजारच्या युवराजनं रोजच्यासारखी बॅटरीसाठी गाडी चालू केली. अंबुबाईंनी मान वर केली, तर काचेवर नवऱ्याचा हात. पुढं हे कर्णोपकर्णी निपाणीपर्यंत गेलं आणि महाराज आपल्या पायांनी चालत आले.

आज अमावस्या होती. महाराजांचा आदेश असा, की आत्मा गाडीत अडकला आहे, गाडी मठात आली की तो मोकळा होईल. अंबुबाईंनी महिन्यातून एकदा यावं आणि भेटून जावं. किल्ली आजच द्यायची होती. नवऱ्याला आपल्या हातानं दुसऱ्याच्या दारात नेऊन ठेवायचं होतं, पण तो मोकळा व्हावा म्हणून त्या तयार झाल्या होत्या.

तेवढ्यात गर्दी सारत स्वरूपा आली. ही त्यांच्या बहिणीची मुलगी. हिंडलग्याच्या हायस्कुलात विज्ञान शिकवायची. तिनं सरळ महाराजांना विचारलं, "म्हाराज, गाडी बंद करून बोलवा की त्यास्नी."

"बाळे, आत्म्याला ऊर्जा लागते."

"पेट्रोलची?"

मागं कुणीतरी फिस्सकन हसलं. महाराजांनी डोळे वटारले. "अश्रद्ध माणसासमोर आत्मा येत नाही!"

"मग मी डोळं मिटते. पर साईराज तेवढा खाली उतरंल."

साईराज उतरायला तयार नव्हता. सांबऱ्याच्या एका म्हातारीनंच त्याला दटावलं, "उतर की रं! तुझं काय काम हाय आत?" तो उतरला. स्वरूपानं गाडी बंद करून दारं उघडली, पुन्हा लावली, नवीन कढत पाणी ठेवलं. काच पांढरी झाली. गाडी चालू केली. महाराजांनी मंत्र म्हटले, पुन्हा म्हटले, घाम पुसला. दाट धुकं जागचं हललं नाही, पंजाही दिसला नाही.

"आता हितं बघा." स्वरूपानं युवराजला पुढच्या सीटवर बोलावलं आणि साईराज बसला होता तिथलं, गुडघ्यापाशी असलेलं एक बटण दाबायला सांगितलं. धुकं फाकू लागलं. पट्टा उरला. पट्ट्यात पंजा.

लोक आता युवराजच्या बोटाकडे बघू लागले.

"ह्या काचेत बारीक तारा हायेत," स्वरूपा बाहेर येऊन सांगू लागली. "बटण दाबलं की तापत्यात, म्हनून वाफ उडती. मधल्या चार तारा तुटल्यात. तेवढ्या गार ऱ्हात्यात, म्हनून तेवढाच पट्टा ऱ्हातोय. आनी धुकं म्हंजे आत बसलेल्या मानसाचा श्वास नि तांब्यातली वाफ."

"आणि पंजा?" महाराज ओरडले. "पंजा कुठून आला, सांग!"

स्वरूपानं महाराजांपुढच्या समईतल्या तेलात हात बुडवला, पुसला आणि बाजूच्या काचेवर आतून दाबला. काही दिसलं नाही. मग तिनं तिथं तोंडानं वाफ सोडली, आणि तिचा पंजा बोटांसकट उमटला.

"बघा, म्हाराज. वाफ गच्च असली की झाकतोय, विरळ झाली की दिसतोय. मी तर अजून जित्ती हाय."

गर्दीत हसू फुटलं. पण गाडीतून अंबुबाई बाहेर आल्या आणि हसू थांबलं.

"तू त्यास्नी दुसऱ्यांदा मारलंस गं," त्या म्हणाल्या. आवाज जुन्यासारखाच मोठा, सगळ्या गल्लीला ऐकू जाणारा. "कुनाचं काय खाल्लं हुतं त्येनी? काचंवर हुते तर ऱ्हाऊ द्यायचे की!"

स्वरूपाच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं मावशीचा हात धरला आणि तिला परत आत नेऊन बसवलं. "मावशी, हात त्यांचाच हाय. ते खोटं न्हाय. मागाचं तेल लागलेला हात हाय. पर त्यांनी हितं हात ठेवला कशाला, ते बघ."

तिनं मोबाईलचा उजेड पाडला. पंजाच्या तर्जनीखाली एक उभा ओरखडा होता. गाडीच्या आधीच्या मालकाचं स्टिकर काढताना ब्लेड लागलं होतं, तारा कापल्या होत्या. बोटाचं टोक नेमकं त्या ओरखड्यावर होतं. समोरच्या कप्प्यात चंदेरी रंगाची एक इवलीशी बाटली सापडली. तुटलेल्या तारेवर लावायचा, वीज वाहून नेणारा रंग. तिचं झाकणसुद्धा उघडलेलं नव्हतं.

अंबुबाई बाटलीकडे बघत राहिल्या. मग त्यांना आठवलं. आंबोलीच्या घाटात मागचं दिसत नाही, भीती वाटते, असं त्याच म्हणाल्या होत्या. आणि शेवटच्या संध्याकाळी सिद्राम जेवता जेवता म्हणाला होता, "तुटल्यालं गावलंय गं. उद्या सांदतो."

मागावर धागा तुटला की सिद्राम तुटल्या जागी बोट ठेवायचा आणि गाठ मारायची ती अंबुबाईंनी. अशी किती लुगडी त्या दोघांनी पुरी केली होती.

"हे लावायचं तर काच पुसाय पायजे?" त्यांनी विचारलं.

"व्हय, मावशी."

मग पदराचं टोक घेऊन त्यांनीच काच पुसली. करंगळी सगळ्यात शेवटी पुसली. हुंदका आला तो त्यांनी दाबला नाही. स्वरूपानं बाटली उघडून दिली आणि ओरखड्यावरच्या चारी गाठी त्यांनी आपल्या हातानं मारल्या. तोवर महाराज आणि साईराज ताट न घेताच निघून गेले होते.

पुढच्या सोमवारीही माणसं आली. बातमी सगळीकडे पोचली नव्हती. दारात एक बाई विचारत होती, "म्हाराज कुठं हायेत? माझा ल्योक गेलाय, त्येला बोलवायचं हाय."

अंबुबाईंनी तिला गाडीत बसवलं, काचा लावल्या. दोघींच्या श्वासानं काच पांढरी झाली. मग त्यांनी किल्ली फिरवून बटण दाबून दाखवलं. काच या टोकापासून त्या टोकापर्यंत निवळली आणि मागची सगळी गल्ली दिसू लागली.

"एवढंच हाय बघ," अंबुबाई म्हणाल्या. "गेल्यालं मानूस कुनी बोलावतो म्हनाला, तर आदी त्येला म्हनायचं, गाडी बंद कर नि मग बोलाव. आता सांग, काय नाव हुतं पोराचं? हळू सांग, घाई न्हाय. हितं माग न्हाय."