मिस्त्रींची जागा

धाकटीने थोरल्याच्या कानाची पाळी दातांनी तोडली आणि माझ्या पाण्याच्या बादलीत थुंकली. तापलेली छिन्नी बुडवल्यावर होतो तसा चर्र आवाज झाला. आता बादलीतलं पाणी गार होतं आणि कानाची पाळी म्हणजे काही लालबुंद लोखंड नव्हे, हे मलाही कळतं. पण आवाज झाला. त्या बादलीशेजारी उभं राहून मी चाळीस वर्षं छिन्न्या तापवल्या आणि बुडवल्या आहेत. कुठली वस्तू पाण्यात कशी बोलते ते मला कुणी शिकवू नये.

भांडण एका लादीवरून होतं. काळ्या दगडाची, पलंगाएवढी लादी, कारखान्याच्या मधोमध जमिनीत बसवलेली. तिच्यावर बसून आमच्या मिस्त्रींनी जन्मभर पुतळे घडवले. बसून बसून त्या दगडात दोन खळगे पडले होते, एक उजवीकडे, एक डावीकडे. डावा जरा जास्त खोल, कारण मिस्त्री डाव्या अंगावर रेलून काम करायचे. दगडाला माणसाच्या बुडाने खळगा पडत नाही, असं सांगणारे शिकलेले लोक अधूनमधून यायचे. मी म्हणायचो, बसून बघा. बसायचे आणि गप्प उठून जायचे.

मिस्त्रींची मुलं दोन, आणि दोघंही कलावंत निघाली. थोरला शिल्पकार. त्याचं एक खूळ होतं: माणसाचा चेहरा घडवायचा तर तो त्याच्याच जागेच्या दगडात. मास्तरांचा चेहरा त्याने शाळेच्या पायरीत कोरला, धोबिणीचा तिच्या धुण्याच्या दगडात. न्हाव्याचा तर दुकानाच्या उंबऱ्यात. न्हावी म्हणाला, चेहरा झकास जमलाय, पण आता स्वतःच्या नाकावर पाय देऊन मी रोज आत शिरू काय? थोरल्याचं म्हणणं असं की माणूस शरीरात नुसता येऊनजाऊन असतो, मुरतो तो जागेत. तिथून त्याला छिन्नीने बाहेर काढावं लागतं.

धाकटीचं सगळं उलटं. ती जागेला छिन्नीच काय, नखसुद्धा लावायची नाही. लोकांच्या घरात शिरून गुडघ्यांवर बसायची, जमिनीवर पातळ कागद अंथरायची आणि वरून कोळसा घासत ठसा घ्यायची. कोळसा माझ्या भट्टीतला, न विचारता उचललेला. मग त्या कागदावर काय काय उमटायचं. पलंग ओढल्याचे ओरखडे, पाटा ठेवून झिजलेला कोपरा, दारामागे कुणी वर्षानुवर्षं उभं राहत असेल तर त्याच्या टाचा. एका बाईने तो कागद बघून नवऱ्याला ओळखलं होतं, आणि नवरा जाऊन तेव्हा अकरा वर्षं झाली होती. धाकटी म्हणायची, जागेचं फक्त ऐकायचं असतं. तिला बोलतं करायला जाल तर ती खोटं बोलेल.

दोघांची भक्ती एकाच गोष्टीवर. म्हणूनच दोघांचं लहानपणापासून कधी जमलं नाही.

मिस्त्री गेले ते भर दुपारी. एक मोठा दगड कप्पीवरून वर चढवला होता आणि मिस्त्री त्याच्याखाली वाकून लादीवरचा चुरा झाडत होते. दोराचं दुसरं टोक खुंट्याला वेढा घालून माझ्या हातात. दोर सरकला. दगड आला तो सरळ मिस्त्रींना घेऊनच लादीवर. कमरेपासून छातीपर्यंत सगळं त्याच्याखाली. फासळ्या एकामागून एक मोडत होत्या, कुणी सुकी काटकी चुलीत घालावी तसा आवाज. दगडाच्या वजनाने मिस्त्रींच्या नाकातून रक्ताची पिचकारी उडाली ती वर कप्पीला लागली. अजून आहे डाग.

दोघं धावत आली तेव्हा मिस्त्री जिवंत होते. रक्ताचे बुडबुडे फोडत त्यांनी एकच शब्द काढला. "जागा." दम घेऊन पुन्हा, "जागा." तिसऱ्यांदा ओठ नुसते हलले आणि संपलं. नजर शेवटपर्यंत खाली, लादीकडे. लादीच्या कडेला मीही बसलो होतो म्हणा, पण अशा वेळी भट्टीवाल्याकडे कोण बघतंय.

कसं झालं, असं सगळ्यांनी विचारलं. मी म्हटलं, दोर सरकला. त्यात खोटं काही नव्हतं.

आठ दिवस शांततेत गेले. नवव्या दिवशी थोरल्याने गेरूने लादीवर बाबांच्या चेहऱ्याची रेघ मारली. लादी फोडून उभी करायची आणि त्यातून बाबांना घडवायचं, असं त्याने ठरवलं होतं. बाबा शेवटी काय म्हणाले? जागा म्हणाले. माझी जागा ही, मला इथून काढ, असं म्हणाले. याहून स्पष्ट अजून काय सांगायचं माणसाने?

धाकटीने ओल्या फडक्याने रेघ पुसली. बाबा जागा म्हणाले हे खरं, पण ते मी जागा आहे असं म्हणाले. डोळे मिटले तरी मी इथेच, या दगडात जागा आहे. जाग्या माणसाला तू पाचरी ठोकणार?

पाहा आता. ठिकाणालाही जागा म्हणायचं आणि न झोपलेल्या पुरुषालाही जागाच म्हणायचं. ही भाषा ज्याने केली त्याच्या घरात बहीणभाऊ नसावेत.

थोरल्याने रेघ पुन्हा मारली. धाकटी तिच्यावर जाऊन बसली, बरोबर त्या दोन खळग्यांत, आणि उठेना. दोन दिवस थोरल्याने नुसतं बोलून पाहिलं. आधी लाडीगोडी, मग टोमणे. तुझे कागद घेऊन बस की दुसरीकडे, बाबांनी तुझा एक तरी कागद भिंतीला लावला होता का? ती म्हणाली, तुझा कुठला पुतळा त्यांनी हसल्याशिवाय पाहिला होता? ही गोष्ट खरी होती आणि तिथेच त्याचं डोकं फिरलं.

तिसऱ्या सकाळी तो घण, छिन्न्या आणि पाचरी घेऊन आला. दगड फोडायचा तर आधी एका ओळीत भोकं पाडतात, मग भोकांत लोखंडी पाचरी घालून घणाने ठोकतात. दगड ओळीवर उलतो. त्याने भोकांची ओळ धाकटीच्या भोवतीच सुरू केली, शिंप्याने अंगावरच्या कपड्याला टीप मारावी तशी. कपच्या उडत होत्या. एक तिच्या गालात घुसली, एक भुवईवर बसली. डोळ्यात रक्त उतरलं तरी ती पापणी लववायला तयार नव्हती. मी छिन्न्या पाजळून देत होतो. काम मागितलं की द्यायचं, एवढंच मला येतं.

चौदा भोकं झाली. पहिल्या पाचरीवर घण पडला आणि लादी अंगातून कण्हली.

"दादा," धाकटी म्हणाली, "बाबा कण्हतायत."

"दगड कण्हतोय. मी रोज ऐकतो."

"तू रोज त्यांनाच मारत असशील."

त्याने तिचे केस मुठीत धरून तिला ओढलं. ती खळग्यातून हलली नाही, केसांचा झुबका हातात आला. दुसऱ्यांदा वाकला तेव्हा कान तिच्या तोंडापाशी आला, आणि पुढचं मी सुरुवातीलाच सांगितलंय.

त्यानंतर कोण कुणाचं होतं हे विसरायला झालं. थोरल्याचा अर्धा चेहरा लाल. त्याने घण उचलला. घण पाचरीवर पडणार होता की तिच्या हातावर, हे त्याला आजही सांगता येत नाही, पण तिचा उजवा हात पाचरीवर होता. तीन बोटं गेली. ओलं कापड दगडावर आपटावं तसा आवाज आला. डाव्या हाताने तिने माझ्यापुढची टोकदार छिन्नी उचलली, मी नुकतीच पाजळलेली, आणि त्याच्या पायाच्या पंजातून आरपार घातली. छिन्नी खाली लादीत रुतली. धार माझ्या हातची होती. अभिमान वाटायची ती वेळ नव्हती, पण वाटला.

दोघांचं रक्त वाहत वाहत खळग्यांत उतरलं. डाव्यात जास्त, तो खोल म्हणून.

थोरला पायाने लादीला खिळलेला, आणि त्याने घण पुन्हा उचलला. या खेपेला खाली पाचर नव्हती. धाकटीचं डोकं होतं, आणि तिने ते बाजूला घेतलं नाही. उलट वर करून त्याच्याकडे बघत राहिली.

"ते मला म्हणाले," मी म्हटलं.

घण वरच थांबला. "काय?"

"जागा हो, म्हणाले. मला झोप लागली होती."

मग मी सगळं सांगितलं, कारण अर्धं सांगून त्या घणाची दिशा बदलणार नव्हती. दुपारची वेळ, भट्टीची ऊब, दोराचं टोक हातात, डोळा लागला. वेढा सैल झाला. मिस्त्रींनी दगडाखालून दोर सुटताना पाहिला आणि ओरडले. शब्द रोजचाच होता, चाळीस वर्षं ते मला दिवसातून दहादा जागा हो म्हणत आले. त्या दिवशी जागा तेवढं बाहेर आलं आणि ‘हो’ दगडाखाली राहिलं. पुढेही दोनदा ते मलाच म्हणाले. मी तिथे लादीच्या कडेला बसलो होतो. ते माझ्याकडेच बघत होते.

"म्हणजे ना जागेचं," थोरला म्हणाला, "ना जागं असण्याचं."

"माझ्या झोपेचं," मी म्हटलं.

धाकटी हसली. ते हसू बघून मी भट्टीमागे सरकलो, पण थोरल्याने पायातली छिन्नी उपसून काढली होती. त्याने मला मागून धरलं, तिने डाव्या हातात भट्टीची सांडस घेतली. आयुष्यात पहिल्यांदा त्या दोघांनी मिळून एक काम केलं, आणि मन लावून केलं. वरचे चार दात, दोन फासळ्या, उजवा गुडघा. मी तोंडातून अवाक्षर काढलं नाही. शेजारच्या गल्लीतले लोक वेगळं सांगतात, पण ते तिथे नव्हते.

दमल्यावर तिघंही लादीवरच बसलो. दुसरीकडे जायची कुणाच्या अंगात ताकद नव्हती. धाकटीने चिरडलेला हात ओच्यात गुंडाळला आणि भावाला म्हणाली, "फोड आता. बाबा काही त्यात नाहीत."

थोरल्याने खळग्यांतल्या रक्ताकडे बराच वेळ पाहिलं. कुणाचं कुठलं ते आता कळत नव्हतं.

"आता आपण आहोत ना त्यात," तो म्हणाला. आणि घण भिंतीला टेकवून ठेवला.

दवाखान्यात तिघं एकाच गाडीतून गेलो. डॉक्टरांनी विचारलं, काय झालं? तिघंही एका सुरात म्हणालो, दगड पडला. डॉक्टरांनी कानाकडे पाहिलं, बोटांकडे, पायाकडे, माझ्या तोंडाकडे, आणि विचारलं, किती दगड?

याला सहा वर्षं झाली. थोरला लंगडत काम करतो. धाकटी डाव्या हाताने ठसे घेते, लादीचाही घेतलाय. त्यात दोन खळगे, चौदा भोकं आणि छिन्नीचं एक टोक उमटलंय, आणि तो कागद कारखान्याच्या भिंतीला थोरल्याने स्वतः लावलाय, जरा वाकडा. मला हाकलतील असं वाटलं होतं. त्यांनी वाईट केलं, ठेवून घेतलं. दोर अजून मीच धरतो, पण आता खुंटा लादीशेजारी आणलाय आणि मला मिस्त्रींच्या त्या खळग्यांत बसवतात. दगड वर चढला की धाकटी दारातून विचारते, "काका, जागा?" मी म्हणतो, "जागा." मग थोरला दगडाखाली जातो.

ते खळगे मिस्त्रींच्या भरल्या अंगाचे. मी नुसता हाडांचा. डाव्या खळग्याची कड अशी टोचते की सहा वर्षांत एक डुलकी लागलेली नाही. रोज दिवसभर ती लादी मला खालून उठवत असते, मिस्त्री उठवायचे तशीच, थोड्या शिव्यांसकट. तेव्हा धाकटीचंच खरं होतं की काय, असं मला हल्ली वाटायला लागलंय.

पण मी बोलत नाही. थोरल्याच्या कानावर गेलं, म्हणजे उरलेल्या कानावर, तर पुन्हा सुरू होईल, आणि घण अजून भिंतीलाच टेकवलेला आहे.