कडेला चीर नाही

मी करवत बोलतेय. दचकू नका, झाडं आडवी करणारी, वीतवीत दातांची ती माझी लांबची आत्या. मी नक्षीची करवत. दुकानात मला स्क्रोल सॉ म्हणतात. साहेब मला 'आपलं मशीन' म्हणतात. काकू मला कशानेच हाक मारत नाहीत, नुसत्या येऊन बसतात.

माझं पातं जाड दोऱ्याएवढं असतं आणि ते जागच्या जागी वरखाली होतं. हलायचं असतं ते लाकडाने. माझ्यासमोर बसणाऱ्याने फळी ढकलायची नसते, फिरवायची असते. माझ्याबरोबर आलेल्या पुस्तिकेत पहिल्याच पानावर हे ठळक छापलेलं आहे. ते पान साहेबांनी आजवर उघडलेलं नाही. सूचना इतरांनी वाचायच्या असतात असं त्यांचं मत आहे, कारण बत्तीस वर्षं नोकरीत ते त्या काढत आले होते.

माझ्या जन्माबद्दल फुशारकी मारण्यासारखं काही नाही. एका लांबलचक टेबलावर सात जणांनी मला जोडलं. आठव्याने दोन मिनिटं चालवून बघितलं, 'तपासले' अशी चिठ्ठी डकवली आणि खोक्यात कोंबलं. पुढे चार महिने दुकानात होते. शेजारी एक ड्रिल मशीन होतं, मोठं चढेल. त्याला रोज कोणीतरी उचलून बघायचं आणि माझ्याकडे बघून विचारायचं, हे कशासाठी असतं? विक्रेत्याचं उत्तर ठरलेलं होतं. नुकतंच निवृत्त झालेलं गिऱ्हाईक आलं की तो आवाज खाली आणून सांगायचा, ह्याला कलावंताचा हात लागतो, सगळ्यांनाच विकत नाही आम्ही.

साहेब निवृत्त होऊन सहा दिवस झाले होते. पहिले पाच दिवस त्यांनी स्वयंपाकघरातल्या डब्यांची जागा बदलण्यात आणि प्रत्येक डब्यावर क्रमांक टाकण्यात घालवले होते. सहाव्या दिवशी काकूंनीच त्यांना जरा पाय मोकळे करून या म्हणून पिटाळलं. ते मला घेऊन परत आले. स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेणं म्हणजे काय, ते काकूंना त्या दिवशी कळलं असावं.

कारण मला ठेवायचं कुठे, हा प्रश्न होता. घरात एकच खोली होती जिथे उजेड चांगला, मोठं टेबल आणि भिंतीला तीन जागी विजेची सोय. त्या खोलीत काकू एकोणीस वर्षं शिवणाचा वर्ग घेत होत्या. साहेबांनी वर्ग बंद कर असं एकदाही म्हटलं नाही. माणसं इतकं सरळ कुठे बोलतात? ते म्हणाले, आता पाच-सहाच तर येतात, त्यांना बाहेरच्या खोलीत बसव की. बाहेरच्या खोलीत साहेब वर्तमानपत्र वाचायचे, मोठ्याने, आणि येणाऱ्या प्रत्येक मुलीला टाका कसा असावा तेही सांगायचे. महिनाभरात वर्ग आपोआप बंद पडला. शिवणयंत्र गॅलरीत गेलं, त्याच्यावर चादर टाकली, आणि त्याच्या जागी मी बसले. मला तेव्हा त्याचं काही वाटलं नाही, हे कबूल करते. नव्या नवरीसारखी मी माझ्याच तोऱ्यात होते.

तोरा चार दिवस टिकला. साहेबांनी पातं उलटं बसवलं, दाते वर करून. तसं बसवलं की फळी टेबलावर उड्या मारते. साहेबांनी ती दोन्ही हातांनी दाबून धरली आणि सगळा जोर लावून पुढे ढकलली. पातं तुटलं. दुसरं तुटलं. अकरावं तुटल्यावर त्यांनी दुकानाला पत्र लिहिलं, विषय आणि संदर्भ घालून, की सदर यंत्रात मूळचाच दोष आहे. नाचता येईना अंगण वाकडं, आणि ते अंगण मी. दुकानाचा मिस्त्री आला, त्याने पातं काढलं, सुलटं बसवलं आणि चहा पिऊन गेला. त्या दिवसापासून साहेब येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात की मशीन सदोष निघालं होतं, मागे लागून दुरुस्त करून घेतलं. दाते खाली असतात हे चहा द्यायला आलेल्या काकूंनी तेवढ्यात पाहून ठेवलं होतं.

पातं सुलटं झालं तरी हात तोच. साहेब मोर कापायला घेत आणि बटाटा निघे. पक्ष्याची चोच, पानाचं टोक, जे जे म्हणून टोकदार असेल ते तुटून खाली पडे. मग ते खुर्चीत मागे रेलून म्हणत की लाकूड कच्चं आहे.

एका दुपारी साहेब घोरत होते. काकू टेबलाच्या खणातली आपली कात्री न्यायला आल्या. टेबलावर एक फळी होती, तिच्यावर वेलीचा नमुना चिकटवलेला. त्यांनी कात्री घेतली, दारापर्यंत गेल्या, परत आल्या आणि बसल्या. मला सुरू केलं. फळीवर दोन्ही हातांची बोटं अशी काही अलगद टेकवली, की माझ्या टेबलाला पहिल्यांदा कळलं आपण कशासाठी घासूनपुसून गुळगुळीत केलेले आहोत. सुईखाली कापड वळवायची सवय होती त्यांना. गळा शिवताना वळवतात तशी त्यांनी फळी वळवली, घाई नाही, जोर नाही. पान निघालं, टोकासकट. मी इतकी खूश झाले की मोटारीचा आवाजसुद्धा त्या दिवशी कमी केला.

साहेब उठून आले. पान हातात घेऊन त्यांनी उलटसुलट पाहिलं आणि म्हणाले, "बघ, नमुना नीट चिकटवला की कापणं काहीच नसतं."

तेव्हापासून कामाची वाटणी ठरली. साहेब कागद चिकटवायचे. काकू कापायच्या, आणि साहेब शेजारी खुर्ची टाकून उंटावरून शेळ्या हाकायचे. मग व्हार्निश साहेबांचं. ते मात्र साहेब खरंच छान लावतात, तीन हात, मध्ये घासून, न कंटाळता. खोटं कशाला बोलू? पण शेवटी तापलेल्या सळईने मागच्या बाजूला स्वतःच्या नावाची दोन अक्षरं डागायचे, आणि तिथे माझं डोकं फिरायचं. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात, तो असा फणा काढून दोन अक्षरांत बसलेला असायचा. पाहुणे यायचे, भिंतीकडे बघून वा वा करायचे, निवृत्तीनंतर असा छंद हवा म्हणायचे. काकू चहाचे कप गोळा करायच्या. मीही गप्प राहायचे. पाहुणे माझ्यावर हात फिरवायचे ना, ते मला आवडायचं.

दोन वर्षांनी काकूंनी मोठी फळी घ्यायला लावली. त्यावर एक झाड, फांद्याफांद्यांवर पक्षी, भोवती वेलबुट्टीची चौकट. पावणेतीनशे भोकं होती त्यात, आधीच्या नमुन्यांना आत एकही नव्हतं. आतलं भोक कसं कापतात ते सांगते, कारण पुढे सगळं त्याच्यावरच आलं. आधी ड्रिलने बारीक छिद्र पाडायचं. मग माझं पातं वरच्या बाजूने सोडवायचं, त्या छिद्रातून ओवायचं, पुन्हा अडकवायचं आणि आतला तुकडा कापून काढायचा. पुन्हा पातं सोडवायचं, पुढच्या छिद्रात ओवायचं. पावणेतीनशे वेळा. काकूंचं हे काम सात आठवडे चाललं, रोज दुपारी. साहेब तेव्हा झोपलेले असायचे. त्यांना कापून झालेली फळी दिसायची.

ती फळी छंद मंडळाच्या प्रदर्शनात लागली. मंडळाच्या अध्यक्षीणबाई मोठ्या बारीक नजरेच्या, चष्मा कपाळावर सरकवून त्या फळीपुढे बराच वेळ उभ्या होत्या म्हणे. मग त्यांनी साहेबांना सांगितलं की सभागृहामागची एक खोली रिकामी आहे, उजेड चांगला आहे, ज्याने हे केलं त्याने तिथे आठवड्यातून तीनदा वर्ग घ्यावा. फक्त येत्या रविवारी सभासदांपुढे थोडं करून दाखवा.

साहेब घरी आले ते वर्गाच्या फलकावर काय लिहायचं ते ठरवूनच. काकूंनी सगळं ऐकून घेतलं. मग माझ्यासमोरच्या स्टुलावर बसल्या. एरवी त्या इथे बसल्या की बोलत नाहीत.

"वर्ग मला घेऊ द्या," त्या म्हणाल्या. "फलकावर तुमचं नाव असू दे. शिकवायला मी उभी राहते. एकोणीस वर्षं शिकवलंय मी."

साहेब रागावले नाहीत. ते हसले, आणि ते रागावण्यापेक्षा वाईट होतं. "अगं, ते शिवण होतं. इथे शिकलेली माणसं येणार, प्रश्न विचारणार. तू आपली हाताखाली ये. पाती-बिती द्यायला कोणीतरी लागेलच."

काकू उठून आत गेल्या. माझ्या टेबलावरचा भुसा त्या रोज पुसून जायच्या, त्या दिवशी तसाच राहिला. मला शिवणयंत्राची आठवण झाली. एका खोलीतून मी त्याला उठवलं होतं, आता काकूंची दुसरी खोलीही माझ्याच नावाने जाणार होती. मला लाज वाटली. यंत्राला लाज वाटून उपयोग काय म्हणा, ज्याला वाटायला हवी तो आरशासमोर भाषणाची तयारी करत होता.

रविवारी शेजाऱ्यांच्या गाडीतून मला सभागृहात नेलं. चाळीसेक माणसं होती. समोर ती झाडाची फळी उजेड पडेल अशी उभी केली होती. साहेब तिच्याशेजारी उभे राहून पस्तीस मिनिटं बोलले. लाकूड आणि माणूस, संयम आणि साधना. काकू दुसऱ्या रांगेत पात्यांची डबी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. शेवटी अध्यक्षीणबाई म्हणाल्या की आता एक पक्षी कापून दाखवा, चौकटीच्या आतला.

साहेब माझ्यासमोर बसले. टेबलावर नवी फळी होती, चौकटीत दोन पक्षी असा नमुना चिकटवलेली, आणि दोन्ही पक्ष्यांपाशी छिद्रं आधीच पाडून ठेवलेली होती, काकूंनी. साहेबांनी त्या छिद्रांकडे पाहिलंसुद्धा नाही. ती कशासाठी असतात हेच त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांनी मला सुरू केलं आणि फळीच्या कडेपासून थेट आत शिरले, चौकट चिरत, वेल चिरत, पक्ष्यापर्यंत. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते याहून वेगळं काय असतं? पक्ष्याला वळसा घातला, तोवर चौकट दोन ठिकाणी लोंबायला लागली होती. साहेबांनी पक्षी उचलून दाखवला. दोघातिघांनी टाळ्या वाजवल्या.

अध्यक्षीणबाई खुर्चीतून उठल्या. आधी त्या चिरलेल्या फळीजवळ आल्या, मग झाडाच्या फळीजवळ गेल्या, आणि तिच्या चारी कडांवरून त्यांनी बोट फिरवलं.

"आत जायला तुम्हाला कड कापावी लागली," त्या म्हणाल्या. "इथे पावणेतीनशे भोकं आहेत आणि कडेला एकही चीर नाही. मग इथे आत कसे गेलात?"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. आजवर प्रत्येक गोष्टीला मीच जबाबदार होते ना. पण या वेळी मी काही सदोष नव्हते. त्यांनी रुमालाने कपाळ पुसलं आणि म्हणाले, "ते बारीकसारीक काम आमच्या घरची मंडळी बघतात."

"पण ह्यात सगळं बारीकसारीकच आहे की," बाई म्हणाल्या.

कोणीतरी मागे हसलं. मग बाईंनी दुसऱ्या रांगेकडे पाहिलं. काकू जागेवरून उठल्या, डबी घेऊन पुढे आल्या. साहेब खुर्चीवरून उठायला तयार होत नव्हते, तर त्या तशाच थांबल्या, उठेपर्यंत. मग बसल्या. पातं सोडवलं, छिद्रातून ओवलं, अडकवलं. चौकट मोडलेली, तरी तिच्यात उरलेला एक पक्षी त्यांनी चोचीसकट काढला आणि अध्यक्षीणबाईंच्या तळहातावर ठेवला. मी जन्मात इतकी नीट चालले नव्हते.

आता तुम्हाला वाटेल सगळ्यांचे डोळे उघडले. तसं नाही. पहिल्या रांगेतले एक गृहस्थ साहेबांचा हात हातात घेऊन म्हणाले, "काय तयार केलंय हो तुम्ही वहिनींना!" आणि साहेब, मघाशी घामाघूम झालेले साहेब, छाती फुगवून म्हणाले की दोन वर्षं मेहनत घेतली. बाकीच्यांनी माना डोलावल्या. मग समितीने उभ्याउभ्याच ठरवलं की साहेब मार्गदर्शक आणि वहिनी साहाय्यक.

काकू मला बंद करून उभ्या राहिल्या. "मला साहाय्यक व्हायचं नाही," त्या अध्यक्षीणबाईंना म्हणाल्या. "मार्गदर्शकांनी वर्ग घ्यावा. मी घरी जाते." आणि पात्यांची डबी त्यांनी साहेबांच्या हातात दिली.

साहेब डबीकडे बघत राहिले. त्यांना ती उघडायची कशी तेही माहीत नव्हतं. अध्यक्षीणबाई इतका वेळ हातातल्या पक्ष्याकडे बघत होत्या, त्यांनी खोलीची किल्ली पर्समधून काढली आणि काकूंच्या पुढ्यात धरली. साहेबांनी एक हात पुढे केला होता, तो त्यांनी मागे घेतला.

मी आता त्या खोलीत असते. उजेड खरंच चांगला आहे. अकरा जणी आणि दोन निवृत्त गृहस्थ येतात. गृहस्थ फळी ढकलतात, काकू त्यांचे हात धरून थांबवतात. माझं वय झालंय, टेबलावर ओरखडे आहेत, मोटार मधूनच कुरकुरते, पण रोज पुसलं जातं मला. फलकावर फक्त वेळ लिहिलेली आहे. साहेब अजून भेटेल त्याला सांगतात की वर्ग आपण सुरू करून दिला, आता मंडळींवर सोपवलाय.

घरी त्या रिकाम्या खोलीत त्यांनी मातीची भांडी करायचं चाक आणून बसवलंय. काकू वर्गातल्या एकीला सांगत होत्या, ते मी ऐकलं. चाक फिरतं, माती भिंतीवर जाते. परवा काकू इकडे यायला निघाल्या तर साहेब दारात आडवे आले, कोपरापर्यंत चिखल, म्हणाले, जरा बसून बघतेस का, तुझा हात हलका आहे.

दोन वर्षं मी ज्या शब्दांची वाट पाहिली ते असे चिखलातून आले. काकूंनी चपला घातल्या आणि म्हणाल्या, "माझ्या वर्गाची वेळ झालीय."

तेव्हा मंडळी, माझं एवढं ऐका. कोणाच्या भिंतीवर सुंदर कोरीवकाम दिसलं तर खुशाल वा वा करा, पण मागची अक्षरं वाचून घरी जाऊ नका. यजमानांना आधी विचारा, आतलं भोक कसं कापलंत. ते घसा खाकरून लाकडाबद्दल बोलायला लागले, तर तुम्ही आपले उठा आणि आत कप विसळणाऱ्या बाईंना जाऊन विचारा.