एकच ऊन, दोन कामं

कोळीवाड्यात फुकटच्या खुर्च्या आल्या की गावाचं काहीतरी जाणार असतं, हे तुळशी पन्नाशीपर्यंत पुरतं शिकली होती. मागच्या खेपेला खुर्च्या आल्या तेव्हा जेटी व्हायची होती. जेटी झाली नाही, पण तिच्या नावाखाली किनाऱ्यावरची सुरूची झाडं गेली ती गेलीच. म्हणून मार्चातल्या त्या सकाळी टेम्पोतून लाल प्लास्टिकच्या खुर्च्या खळ्यावर उतरताना दिसल्या, तशी तिने डोक्यावरची टोपली खाली ठेवली आणि सरळ विचारलं, "काय न्यायला आलाव?"

"न्यायला न्हाय आत्ये, द्यायला आलेत," जीवन म्हणाला. जीवन तिच्या भावाचा मुलगा. निवडून येऊन ग्रामपंचायतीत बसल्यापासून त्याचा शर्ट पांढरा झाला होता आणि आवाज गोड.

"देणाऱ्याला खुर्च्या लागत न्हायत," तुळशी म्हणाली.

खळं म्हणजे कोळीवाड्याच्या मागची, समुद्राच्या अंगाची सपाट, चोपून सारवलेली जमीन. मुरुडच्या अलीकडचा हा एवढा एकच तुकडा होता, जिथे दिवसभर उघडं ऊन पडायचं. तेवीस बायका तिथे जवळा, म्हणजे बोटाच्या पेराएवढी बारीक कोलंबी, वाळवायच्या. कोणाची जागा कुठून कुठवर, हे दगड लावून ठरलेलं, आणि ते दगड सासूकडून सुनेकडे आलेले. कागदावर मात्र जमीन सरकारची. त्या कागदात तेवीस बायकांपैकी एकीचंही नाव नव्हतं, आणि हे जीवनला पक्कं ठाऊक होतं. तुळशीचा नवरा जाऊन नऊ वर्षं झाली होती. होडीवरून ओला जवळा घ्यायचा, वाळवायचा, पावसाळ्यात बाजारात विकायचा. खळं गेलं तर तिच्या चुलीत विस्तव पडणार नव्हता. इतकं ते सरळ होतं.

खळ्याच्या कोपऱ्यात सौरविजेच्या एका कंपनीने नमुना म्हणून आठ फुटी खांबांवर चार काळ्या काचा चार दिवस आधीच उभ्या केल्या होत्या. सगळ्या खळ्यावर अशाच काचा बसणार, वर वीज होणार, विजेवर बर्फाचा कारखाना चालणार आणि खाली बायका आपल्या जवळा वाळवत राहणार, असं ठरलेलं. कोणी ठरवलं, ते विचारायचं नाही.

खुर्चीत बसल्याबरोबर प्रत्येकीच्या हातात एक पत्रक आलं. वर ठळक अक्षरात छापलं होतं, 'प्रकाशाबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न.' खाली बारा प्रश्न आणि बारा उत्तरं. प्रकाश कशाचा असतो? कणांचा. त्या कणाला फोटॉन म्हणतात. त्याला वजन असतं का? नाही. तो थकतो का? नाही. शेवटच्या पानावर हिरव्या अक्षरांत: 'एकच ऊन, दोन कामं. वर वीज, खाली मासळी.'

तुळशी सातवी पास होती आणि अक्षर दिसलं की सोडत नव्हती. औषधाच्या बाटलीवरचं बारीकसुद्धा वाचायची. तिने पत्रक दोनदा वाचलं आणि तिचं डोकं फिरलं. नेहमी विचारले जाणारे म्हणे! कोणी विचारले? रंगूने? तिने उभ्या जन्मात भाव सोडून दुसरं काही विचारलं नव्हतं. आमचे प्रश्न यांनी आमच्याआधी छापून आणले कसे? ज्याला उत्तर द्यायचं आहे तोच प्रश्न ठरवतो, तेव्हा एखादा प्रश्न मुद्दाम गाळलेला असणार. कुठेतरी पाणी मुरत होतं.

माहिती द्यायला प्रज्योत नावाचा इंजिनियर उभा राहिला. पेणचा, सव्वीस-सत्तावीसचा, इस्त्रीचा शर्ट घामाने पाठीला चिकटलेला. "मावशी, काही शंका असेल तर बिनधास्त विचारा," तो म्हणाला.

"वजन न्हाय म्हणतोस त्याला?" शेजारच्या खुर्चीतून रंगूने तोंड उघडलं. "मग विकता कसं रं?"

सगळ्या हसल्या. प्रज्योतही हसला. "युनिटवर, काकी."

"आणि सूर्यावरून इथं यायला किती टाइम लागतो?"

"आठ मिनिटं, वीस सेकंद."

"बघ गो! आणि आपली अलिबागची एसटी दीड तास झाला तरी येत न्हाय."

वाड्यातली सगळ्यात म्हातारी सोनूबाई काठी टेकत पुढे आली. "दिवा मालवला की तुजा तो फोटॉन जातो कुठं?"

"जिथे आदळतो तिथे जातो, आजी. भिंतीत, लुगड्यात, तुमच्या डोळ्यात. आपली ताकद तिथे देऊन टाकतो. जराशी ऊब होते, बाकी तो उरत नाही."

"माज्या डोळ्यात? म्हणून मोतीबिंदू झाला व्हय!"

हशा ओसरला तशी तुळशी उठली. चार दिवस तिच्या मनात एकच भीती होती आणि ती तिने वाड्यात घरोघरी सांगितली होती. "ती काच आजूबाजूचं ऊन ओढते का? विहिरीवर पंप बसवला की शेजारच्याची विहीर आटते, तसं?"

जीवन सगळ्यात मोठ्याने हसला. "आत्ये, तुला काय काच पंप वाटली?"

प्रज्योत हसला नाही. "नाही ओढत, मावशी. प्रकाश सरळ रेषेत येतो. काचेवर पडला तेवढाच काचेचा."

"मावशी कोणाला म्हणतोस? तुज्या आयशीची भैन न्हाय मी. आणि काचेवर पडला, की मग? तिथं बसून राहतो?"

"बसत नाही. त्याला बसणं माहीतच नाही. फोटॉन थांबला की संपला."

तुळशीने पेन्सिलने पत्रकाच्या कडेला लिहून ठेवलं: थांबला की संपला. पोरगा सरळ उत्तर देत होता, आणि याचाच तिला जास्त संशय आला. वाकडं बोलणारा माणूस परवडतो, त्याचं वाकडेपण निदान दिसतं तरी.

सह्या शुक्रवारी घ्यायच्या ठरल्या. तेवीस बायकांची 'हरकत नाही' अशी लेखी संमती म्हणून. ज्यांचं नाव सरकारी कागदात नव्हतं, त्यांची सही मात्र सरकारी कागदाला हवी होती. मध्ये तीन दिवस होते. त्या तीन दिवसांत जीवन घरोघर फिरला आणि बुधवारी तुळशीच्या पडवीत येऊन बसला. "आत्ये, घरच्या घरात शोभा नको. सगळ्या तयार हायत. रंगूने तर सही करूनसुद्धा टाकली. तूच तेवढी राहिलीस."

तुळशीने त्याला चहा दिला, तो गेल्यावर कप विसळला आणि तडक रंगूच्या दारात गेली. "काय गो, माज्याआधी सही ठोकलीस?"

रंगू बोंबील साफ करत होती, तशीच उभी राहिली. "मी? मना तर जीवन बोलला, तुळशीने केली, तूच तेवढी राहिलीस!"

रंगूने हात धुऊन दार ओढलं. मग दोघी सात घरं फिरल्या. सातही घरांत तेच. प्रत्येक घरात फक्त एकच बाई राहिलेली होती.

दुसरी एखादी तिथेच थांबली असती. जीवन खोटा, म्हणजे काच खोटी, झालं. पण तुळशीचा संशय इतका स्वस्त नव्हता. खोटं बोलणारा माणूस खरी वस्तूसुद्धा विकत असतो. बर्फ तिलाही हवा होता. बर्फ नाही म्हणून दर उन्हाळ्यात ओली मासळी पडेल त्या भावाला फेकून द्यावी लागायची. तेव्हा काच काय करते, ते तिला स्वतःच्या हाताने बघायचं होतं.

गुरुवारी सकाळी एकाच होडीचा, एकाच पाटीतला जवळा तिने तीन ठिकाणी पसरला, सारखा पातळ. एक आपल्या जागेवर, उघड्या उन्हात. एक काचेला लागून दक्षिणेच्या अंगाला, जिथे सावली येत नव्हती. तिसरा बरोबर काचेखाली. सावली सरकली की काचेखालचा जवळा ती फडक्यासकट ओढून पुन्हा सावलीत आणायची. आज चारच काचा होत्या म्हणून सावलीबाहेर जागा होती. उद्या सगळं खळं झाकलं की जवळ्याने पळायचं कुठे?

दिवसभर ती तिथून हलली नाही. कावळ्यांवर, कुत्र्यांवर, वाऱ्यावर, सगळ्यांवर तिचा डोळा. दुपारी जीवन खळ्यावरून गेला. "काय आत्ये, राखण करतेस?"

"व्हय. तुजी."

चार वाजता तिने मुठी भरून बघितल्या. वाळलेला जवळा मुठीत आवळला की टोचतो, सोडला की खुळखुळत पडतो. उघड्यावरचा टोचला. काचेशेजारचाही टोचला, तितकाच, तसूभरही कमी नाही. काचेखालचा तळहाताला लगद्यासारखा चिकटून राहिला आणि त्याला माशा लागल्या.

म्हणजे पोरगा खरं बोलला होता. काच शेजारचं ऊन ओढत नव्हती. चार दिवस आपण वाड्यात खोटी भीती पसरवली, हे तुळशीला लागलं. पण तिने ते गिळलं नाही. त्याच संध्याकाळी भेटेल तिला सांगत गेली, "ओढते बोलले ती माजी चूक. काच ओढत न्हाय. वर पडतं तेवढंच खाते. पण खाते ते समदं खाते."

शुक्रवारी पुन्हा खुर्च्या, मधोमध टेबल, टेबलावर संमतीचा कागद आणि त्यावर तेवीस रिकाम्या ओळी. जीवनने पेन पुढे केलं. तुळशी तीन टोपल्या घेऊन आली आणि एकामागून एक टेबलावर ठेवल्या. तिसरीचा वास असा उठला की टेबलामागचे जीवन आणि प्रज्योत दोघंही मागे सरले.

"इंजिनियर, ऊन मोजायचं यंत्र हाय तुज्याकडं?"

प्रज्योतने पिशवीतून हातात मावणारं यंत्र काढलं. उघड्यावर धरलं: नऊशे पाच. काचेखाली धरलं: एकशे वीस. तुळशीचा विश्वास बसला नाही. यंत्र कंपनीचं, आकडाही कंपनीचाच असायचा. तिने ते रंगूच्या हातात दिलं आणि जागा उलट्यापालट्या करून पुन्हा मोजायला लावलं. आकडे दोन-चारने हलले, तेवढंच.

"हे एकशे वीस कुठून आलं? काचेतून?"

"नाही. बाजूने येतं. आकाशातून विखुरलेलं."

"मग आता माजा प्रश्न. तुज्या बारांत हा न्हाय." ती पत्रक उघडून पेन्सिलीच्या ओळीवर बोट ठेवून उभी राहिली. "थांबला की संपला, तू बोललास. तर वर काचेत जो थांबला, त्याची वीज झाली, तो खाली माज्या जवळ्यावर परत पडतो का?"

"आत्ये, हे तांत्रिक हाय, तुला..." जीवन उठला.

"तू गप. तुला विचारलं न्हाय. बोल रं."

प्रज्योतने एकदा काचेकडे बघितलं, एकदा टोपलीकडे. "नाही पडत," तो म्हणाला. "एक फोटॉन एकदाच कामाला येतो."

"मग एकच ऊन, दोन कामं, हे काय हाय?"

"पत्रक मी लिहिलेलं नाही."

"वाटलंस तर तूच."

तुळशीने संमतीचा कागद उलटा केला आणि जीवनच्या हातातलं पेन काढून त्याच्यापुढे धरलं. "आत्ता बोललास ते लिही. खाली सही कर. मग आमी आमची करू."

"प्रज्योतभाऊ, हे काय लिहू नका," जीवन दबक्या आवाजात म्हणाला. "साहेबांना काय तोंड दाखवणार? नोकरी जाईल."

पोरगा पेन घेऊन कागदावर वाकला. तुळशी त्याच्या बोटांवर नजर ठेवून होती. हा आता काहीतरी गुळमुळीत खरडणार, 'अंशतः' नाहीतर 'परिस्थितीनुसार', असे शब्द घुसडणार, याची तिला खात्री होती. त्याने लिहिलं. तिने कागद ओढून घेतला आणि बोट फिरवत मोठ्याने वाचला: "काचेने घेतलेला प्रकाश खाली पोचत नाही. काचेखाली जवळा वाळणार नाही." खाली सही होती.

"तारीख घाल," ती म्हणाली.

त्याने तारीख घातली.

"हे कशाला लिहिलंस?" जीवनचा गोड आवाज पार फाटला होता.

"विचारलं त्यांनी," प्रज्योत म्हणाला. "इतके दिवस कोणी विचारलंच नव्हतं."

जीवनने कागद सुलटा केला आणि रंगूपुढे सरकवला. "काकी, तुमी तरी शहाण्या हायत. करा."

"करते की. पण तुळशीने आधीच केलीय बोललास ना? कुठं हाय ती सही, दाखव."

मागून सोनूबाईची काठी आपटली. "आणि माजी? माजीबी झाली बोललास म्हणं!"

मग एकेक बाई आपली सही बघायला टेबलाशी आली. तेवीस ओळी, आणि सगळ्या कोऱ्या. जीवन कागद उचलायला गेला तेव्हा तुळशीने तो आधीच घडी घालून कमरेला खोचला होता.

"काच मना नको असं न्हाय," ती म्हणाली. "पंचायतीच्या छपरावर बसव. शाळेच्या छपरावर बसव. तिथं कोण जवळा वाळवत न्हाय. पण तिथं बसवायची तर छपराच्या मालकाला विचारावं लागतं. खळ्याला मालक न्हाय असं तुला वाटलं, म्हणून तू इथं आलास."

खुर्च्या दुपारीच टेम्पोत गेल्या. त्या उचलून द्यायला प्रज्योत होता, जीवन नव्हता. जाताना पोरगा तुळशीला म्हणाला, "येतो, मावशी." तिने या वेळी मावशीवरून त्याला झापलं नाही, पण ये असंही म्हणाली नाही.

नमुन्याच्या चार काचा मात्र कोणी नेल्या नाहीत. आता दुपारच्या उन्हात तुळशी त्यांच्याच सावलीत बसून मासळी निवडते. सावली चांगली आहे, ते कोण नाकारतंय? जवळा समोर उघड्या उन्हात वाळत असतो. कागद रेशनकार्डाच्या डब्यात आहे आणि त्याची झेरॉक्स रंगूकडे. रस्त्यावर टेम्पो वाजला की दोघी मान वर करतात आणि आधी बघतात, मागे खुर्च्या आहेत का.