टाचेतला चौथा खिळा

मी एक बूट बोलतोय. तपकिरी, नाडीचा, डाव्या पायाचा. उजवा आता माझ्याबरोबर नाही. मी एका दवाखान्यात, डॉक्टरांच्या टेबलावर, कापसाच्या डब्याशेजारी ठेवलेला आहे. बुटानं टेबलावर बसणं बरं दिसत नाही, हे मलाही कळतं. पण मला इथे मुद्दाम ठेवलंय, आणि ते का, हे सांगून टाकल्याशिवाय मला चैन पडणार नाही. तशी चैन मला कधीच पडली नाही म्हणा.

कारखान्यातल्या दिवसांचं फारसं आठवत नाही. कातड्याचा वास, शिवणयंत्राची घरघर, मग खोक्यातला अंधार. एके दिवशी झाकण उघडलं आणि एका माणसानं मला पायात घालून दुकानातच दहा-बारा फेऱ्या मारल्या. त्याची बायको म्हणाली, "अहो, बूट घ्यायचेत, दुकान नाही." तो हसला आणि मला पायातच ठेवून बाहेर पडला. खोकं तिनं उचलून आणलं.

हा माझा मालक. नऊ मजल्यांच्या एका कचेरीत लिफ्ट चालवायचा. आठवड्याचे सहा दिवस तो त्या पेटीत उभा. चार पावलं लांब, तीन पावलं रुंद. कामावर त्याचे काळे बूट वेगळे होते. मी फक्त सुट्टीचा, म्हणजे गुरुवारचा. "सहा दिवस उभा हलतो, एक दिवस तरी आडवा हलू दे," असं तो बायकोला सांगायचा. कचेरीतले लोक त्याला भिंगरी म्हणत, आणि ते काही खोटं नव्हतं.

फिरण्याची त्याची एक पद्धत होती. पाचव्या मजल्यावर विम्याचं ऑफिस होतं. तिथे शहराच्या कानाकोपऱ्यातून माणसं यायची. तळमजल्यापासून पाचव्यापर्यंत बावीस सेकंद लागत. तेवढ्यात तो विचारायचा, "कुठून आलात?" कुणी म्हणायचं, पाण्याच्या टाकीमागून. कुणी म्हणायचं, कालव्याच्या पलीकडे काचा कापणाऱ्यांची गल्ली आहे, तिथून. पाचवा आला की माणूस बाहेर, आणि गल्लीचं नाव याच्या खिशातल्या छोट्या वहीत. गुरुवारी सकाळी वही उघडायची, एका नावावर बोट ठेवायचं आणि निघायचं.

रस्ता तो कुणाला विचारत नसे. दोन फाटे आले की चढाचा घ्यायचा. चहा उभ्यानं प्यायचा. वाहनांसाठी थांबावं लागलं तर पदपथाच्या कडेवर मला टकटक आपटत राहायचा. एखादी जुनी इमारत दिसली की आत डोकावून पहारेकऱ्याला विचारायचा, "लिफ्ट कधीची हो?" आणि वर जायचं झालं तर जिन्यानं जायचा.

त्या गुरुवारांत मी काय काय तुडवलं! काचवाल्यांच्या गल्लीत पायाखाली बारीक चुरा करकरायचा. एका ठिकाणी सगळ्या घरांचे दरवाजे निळे होते आणि त्याचं कारण तिथल्या कुणालाच माहीत नव्हतं. रेल्वेच्या वर्कशॉपमागे एक भिंत होती, तिच्या कडेनं तो पाऊण तास चालला, आणि भिंत संपली तेव्हा पलीकडे फक्त दुसरी भिंत होती. तो खूश झाला. घरी येऊन त्यानं ते बायकोला असं सांगितलं, जणू समुद्र पाहून आलाय.

"डॉक्टरांनी साखरेसाठी चालायला सांगितलंय," ती म्हणायची, "शहर मोजायला नाही."

साखर त्याला नऊ वर्षांपासून होती. गोळी सकाळी, गोळी संध्याकाळी, दोन्ही तिच्या हातून. तो म्हणायचा, "माझे पाय बघ. पूर्वी दुखायचे, आता कितीही चाललो तरी दुखत नाहीत. कमावलेत मी ते." तिलाही ते खरं वाटायचं. मला मात्र शंका होती. काचवाल्यांच्या गल्लीत एक खडा माझ्यात शिरला होता. त्यानं तो दिवसभर तसाच वागवला, एकदाही थांबून मला झटकलं नाही.

तो तिरका चालायचा, त्यामुळे माझी टाच बाहेरच्या अंगानं झिजली. एका बुधवारी कामावरून सुटल्यावर तो मला पिशवीत घालून चांभाराकडे घेऊन गेला. चांभार वयस्कर, हाताचा पक्का. त्यानं टाच उलटून पाहिली. "नवी बसवतो. पण गोंद सुकायला हवा. परवा न्या."

"उद्या सुट्टी आहे माझी."

"मग दुसरे घाला उद्या."

"दुसरे नकोत. आत्ताच द्या ना."

"अहो, एवढी कसली घाई? कुणी लग्नाला थांबलंय का?"

"टाकीमागं जायचंय."

"टाकी पळून जातेय होय!" असं म्हणत चांभारानं मला लोखंडी पायावर उलटा घातला. गोंदाऐवजी चार खिळे मारले. तीन आत जाऊन नीट वळले. चौथा वळला नाही. तो सरळ माझ्या आतल्या अस्तरातून वर आला, तांदळाच्या दाण्याएवढा.

त्या चांभाराची एक रीत होती. काम झालं की तो आत बघत नसे, गिऱ्हाइकाला बूट घालून उभं करायचा. कुठे काही राहिलं असेल तर पाय सांगतोच. इतकी वर्षं पायांनी त्याला कधी फसवलं नव्हतं.

"दाबून उभे राहा. टोचतंय?"

"नाही."

"टाचेवर भार द्या. आता?"

"काही नाही. मस्त."

"मग झालं," चांभार म्हणाला.

खिळा त्याच्या टाचेत घुसला होता. मला ते कळत होतं. मी आत ओला झालो होतो.

दुसऱ्या दिवशी तो टाकीमागं गेला. टेकडीवर तीनशे सहा पायऱ्या होत्या, मी मोजल्या, कारण प्रत्येक पायरीला चौथा खिळा आत-बाहेर होत होता. वर पोचल्यावर सगळं शहर खाली पसरलेलं दिसलं. तो कठड्याला धरून म्हणाला, "अजून केवढं राहिलंय!"

आता एक कबुली द्यायला हवी. मला नाडी तोडता आली असती, निदान तसा प्रयत्न करता आला असता. पण वरून ते सगळं पाहिलं, आणि मलाही वाटलं, अजून केवढं राहिलंय. पुढचा गुरुवार कधी येतो असं मला झालं होतं. खिळ्याची धास्ती आणि वाटेची ओढ, दोन्ही एकाच टाचेत.

असे चार गुरुवार गेले.

मोजे बायको धुवायची. दुसऱ्या आठवड्यात ती म्हणाली, "हा डाग कसला?"

"बुटाचा रंग सुटतोय."

"डाव्याचाच? उजवा दुसऱ्या दुकानातून आणलात वाटतं."

तो हसला आणि विषय तिथेच संपला. रंग माझा नव्हता, हे मी कुणाला सांगणार? चौथ्या आठवड्यात मात्र डागाला वास येऊ लागला. ती मोजा हातात घेऊन दाराशी आली, मला उचललं, आत डोकावली. मग हात घातला.

"आई गं!"

तिनं हात बाहेर काढला. बोटावर रक्ताचा थेंब. जे त्याला चार आठवड्यांत कळलं नव्हतं, ते तिला एका क्षणात कळलं. ती आत गेली, खुर्चीवर वही वाचत बसलेल्या नवऱ्याचा डावा पाय उचलून उलटा केला. टाचेत भोक होतं. भोवतीचं कातडं पांढरं, आत काळपट.

"हे कधी झालं?"

"काय झालं?" तो म्हणाला.

ती खाली बसली, पाय तसाच मांडीवर धरून.

दवाखान्यात तिनं आम्हा दोघांना पिशवीतून आणलं. डॉक्टरबाई फक्त पायांचंच बघतात. त्यांनी त्याला डोळे मिटायला सांगितले. "मी धाग्यानं तळव्याला स्पर्श करीन. कळलं की हो म्हणा." त्या एकेका जागी धागा टेकवत गेल्या. टाच, चवडा, अंगठा. खोलीत शांतता. थोड्या वेळानं तो म्हणाला, "बाई, करा ना सुरू."

"झालं," डॉक्टरबाई म्हणाल्या.

त्यानं डोळे उघडले. कमावलेल्या पायांकडे तो पहिल्यांदाच नीट बघत होता.

"साखरेनं पायांची जाणीव गेलीय. हाडापर्यंत गेलं असेल तर टाच वाचवणं अवघड आहे. कदाचित पायच. नसेल, तर भरेल. पण एक पाऊलही टेकवायचं नाही, मी सांगेपर्यंत."

"किती दिवस?"

"दिवस नाही. महिने."

निघताना बायको तणतणत होती, "त्या चांभाराला बघतेच मी."

"त्यानं विचारलं होतं ग," तो म्हणाला. "दोनदा विचारलं. मीच नाही म्हणालो."

मला डॉक्टरबाईंनी ठेवून घेतलं. उजवा पिशवीतून घरी गेला. आमची ताटातूट अशी झाली, निरोपसुद्धा घेता आला नाही.

दर गुरुवारी तो मलमपट्टीला यायचा, चाकाच्या खुर्चीतून. हाडापर्यंत गेलं नव्हतं, पण अगदी काठाशी होतं. पट्टी सुटताना मी टेबलावरून बघायचो. भोक वाटाण्याएवढं, मग मिरीएवढं. सहाव्या आठवड्यात ते पुन्हा वाटाण्याएवढं झालं.

"कुठे गेला होतात?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"कुठे नाही."

"कोपऱ्यापर्यंत," बायको म्हणाली. "मी आंघोळीला गेले तेवढ्यात. काठीसुद्धा न घेता. लहान मूल बरं."

तो म्हणाला, "बाई, भिंती अंगावर येतात हो. लिफ्टला निदान दार उघडायचं."

डॉक्टरबाई रागावल्या नाहीत. त्यांनी खुर्ची ओढली आणि त्याच्यासमोर बसल्या. "तुम्हाला पुन्हा चालायचंय ना? मग आत्ता बसा. बसणं हेच तुमचं चालणं समजा. त्या कोपऱ्यानं तुमचे चार आठवडे खाल्ले. अजून एक कोपरा, आणि मग मी काही करू शकणार नाही."

त्यानंतर तो बसला. भिंगरी बसली, असं म्हणायला सोपं आहे. पट्टी चालू असताना त्याचा उजवा पाय खुर्चीच्या पायरीवर सारखा नाचत असायचा. बायको एक हात त्याच्या गुडघ्यावर ठेवायची, मग तिचाही हात नाचायचा.

गेल्या गुरुवारी, एकोणिसाव्या आठवड्यात, भोक बुजलं. डॉक्टरबाईंनी भिंगातून पाहिलं, बोटानं दाबलं, पुन्हा पाहिलं. "घरापासून कोपऱ्यापर्यंत," त्या म्हणाल्या. "दिवसातून एकदा. हे नवे बूट. घालण्याआधी आत हात फिरवायचा, काढल्यावर आरशात तळवा बघायचा. रोज. मरेपर्यंत."

"आणि त्याच्या पुढे?"

"आधी कोपरा."

त्यानं नवे बूट घेतले. मऊ, रुंद, कुठेही खिळा नसलेले. हात आत घालून बोटं टाचेपर्यंत फिरवली आणि ते पायात चढवले. मग त्याची नजर माझ्याकडे गेली. तो उठला, टेबलाशी आला, आणि माझ्यातही हात घातला. चौथ्या खिळ्यावर त्याचं बोट टेकलं.

"लागला," तो म्हणाला. बायकोकडे वळून पुन्हा म्हणाला, "अगं, चांगलाच लागतोय की!" आणि तिथे उभ्या उभ्या त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

"ह्याला नेऊ का घरी?"

"नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "तो मला लागतो."

तो दाराबाहेर गेला. मी कान देऊन होतो. माझी पावलं वाजायची, दोन गल्ल्या पलीकडून लोकांना कळायचं. नव्या बुटांचा आवाजच होत नाही. तो किती लांब गेला, वळला की थांबला, मला काहीच समजलं नाही.

आता माझं काम एवढंच. रोज कुणीतरी या खुर्चीत येऊन बसतं आणि अभिमानानं सांगतं, माझे पाय कधीच दुखत नाहीत. डॉक्टरबाई मला पुढे करतात. "हात घाला." कुणी हळूच घालतं, कुणी हसत. सगळे एकदम मागे घेतात. मग त्या म्हणतात, "हा माणूस ह्यावर चार आठवडे चालला."

माझी शिवण अजून शाबूत आहे, टाच नवीकोरी आहे. खिडकीतून रस्ता दिसतो, त्यावरून हजारो पाय जातात, आणि एकही मला विचारत नाही. टाकीच्या पलीकडचं शहर मी पाहिलं नाही. ते आता मी बघणार नाही.

तुम्ही बघा. पण निघण्याआधी वाका, बूट उचला आणि आत हात घाला. घाईत असाल तर नक्कीच घाला. परत आलात की तळवा उलटून बघा. दुखत असेल तर कुरकुर करू नका, दुखणारा पाय इमानी असतो. जो दुखत नाही, त्याला आधी बघा.

चला, दार वाजलं. कुणीतरी येतंय, काही दुखत नाही म्हणत.